भुकेच्या इतिहासातून गाळलेल्या बायका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जगातल्या अन्नटंचाईवर आपण रविवार पुरवणीत चालवलेली लेखमाला मी पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत वाचली. लेख मेहनतीने लिहिलेले आहेत. धान्याचे साठे, युद्धांमुळे बंदरात अडकलेली जहाजं, बदलतं हवामान, खतांची ओढाताण, नव्या वाणांचे शोध, सगळं त्यात आलं. २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसं उपाशी होती, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडाही आला. बाई मात्र एकाच ठिकाणी दिसली, ती म्हणजे छायाचित्रात. मांडीवर सुकलेलं मूल, हातात रिकामं भांडं, आणि खाली नाव नाही.

शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. त्यामुळे हे असं बिननावाचं छायाचित्र माझ्या ओळखीचं आहे. पत्र लांबणार आहे, पण विषय दोन परिच्छेदांत मावणारा नाही. जमेल तेवढं छापावं.

माझं म्हणणं एकच आहे. भुकेच्या इतिहासात बाईला सोसणारी म्हणून जागा मिळाली. करणारी म्हणून आणि जाणणारी म्हणून मिळाली नाही. हे जुन्या पुस्तकांपुरतं असतं तर मी एखादं टिपण काढून गप्प बसले असते. पण आज भुकेवर जे उपाय ठरतात त्यांतही तीच जागा रिकामी आहे.

सुरुवात अगदी लांबून करते. उत्तर सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचं एक प्राचीन गाव होतं. माणूस शिकार आणि कंदमुळं सोडून शेतीकडे वळला त्या काळातली ही वस्ती. नदीवर धरण बांधलं जात होतं, वस्ती पाण्याखाली जाणार होती, म्हणून १९७२ आणि १९७३ मध्ये घाईघाईने तिथे उत्खनन झालं. तिथल्या सांगाड्यांचा अभ्यास लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या थेया मॉलेसन यांनी केला. पायाच्या अंगठ्यांची हाडं वाकडी झालेली, गुडघ्यांवर हाडाची वाढ, कमरेचे मणके झिजलेले, आणि हे सगळं बहुतांशी बायकांच्या सांगाड्यांत. मॉलेसन यांनी त्याचा अर्थ लावला तो असा: या बायका रोज कित्येक तास गुडघ्यावर बसून, पायाची बोटं मागे दुमडून, दगडावर धान्य भरडत होत्या. लहानपणापासून मरेपर्यंत.

शेतीचा शोध हा मानवी इतिहासातला सर्वांत मोठा टप्पा, असं प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. नांगर, चाक, कालवे, कोठारं, राजे या क्रमाने पुढे धडा सरकतो. पण पेरलेलं धान्य कच्चं खाता येत नाही. कोठारातला दाणा आणि पोटात जाणारा घास यांच्यामध्ये हजारो वर्षं कुणाचे तरी गुडघे होते. त्या कामाची नोंद लिखित इतिहासाने क्वचितच ठेवली. ती राहिली हाडांत. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मध्य युरोपातल्या अशाच आद्य शेतकरी बायकांच्या हाडांची तुलना आजच्या महिला नौकानयनपटूंशी केली. या खेळाडू दर आठवड्याला कित्येक मैल वल्ही मारणाऱ्या. सात हजार वर्षांपूर्वीच्या त्या बायकांच्या दंडाची हाडं शरीराच्या मानाने या खेळाडूंपेक्षाही ११ ते १६ टक्के मजबूत निघाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. आपण ज्यांना 'घरकाम करणाऱ्या' म्हणून इतिहासाच्या बाहेर ठेवलं, त्यांच्या अंगावर इतिहास असा कोरलेला होता.

राजकारणाचंही तेच. फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना व्हर्सायच्या मोर्चाला पुस्तकात जेमतेम एक ओळ असते. ५ ऑक्टोबर १७८९ या दिवशी पॅरिसच्या बाजारातल्या बायका पाव मिळत नाही म्हणून एकत्र जमल्या आणि पावसात सुमारे वीस किलोमीटर चालत राजवाड्यावर गेल्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला राजा आठवडेच्या आठवडे मान्यता देत नव्हता. ती त्याच संध्याकाळी त्याने दिली. दुसऱ्या दिवशी राजा, राणी, मुलं सगळ्यांना घेऊन या बायका पॅरिसला परतल्या. राजसत्ता व्हर्सायमधून उठली ती पुन्हा तिथे गेली नाही. बॅस्टिलच्या पाडावाचा दिवस फ्रान्समध्ये राष्ट्रीय सण झाला. भाकरीसाठी चालून गेलेल्या या बायकांच्या राजकीय मंडळांवर चारच वर्षांनी, १७९३ मध्ये, क्रांतीच्याच सरकारने बंदी घातली, आणि फ्रान्समधल्या बाईला मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडलं.

रशियाची तेव्हाची राजधानी पेट्रोग्राडमध्ये १९१७ साली ८ मार्चला कापडगिरण्यांतल्या कामगार बायका पावासाठी संप करून रस्त्यावर आल्या आणि धातुकारखान्यांतल्या पुरुषांना त्यांनी बाहेर बोलावलं. आठवड्याभरात झार पायउतार झाला. पुढच्याच वर्षी जपानच्या तोयामा प्रांतात उओझू नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी कोळ्यांच्या बायकांनी तांदूळ जहाजावर चढवायला विरोध केला, कारण गावात तांदूळ परवडेनासा झाला होता आणि डोळ्यांदेखत तो बाहेर चालला होता. त्यातून देशभर दंगे उसळले आणि सप्टेंबर १९१८ मध्ये पंतप्रधान तेराउचींना राजीनामा द्यावा लागला. बंगालच्या दुष्काळात, १९४३ मध्ये, महिला आत्मरक्षा समितीच्या झेंड्याखाली हजारो बायका अन्नासाठी कलकत्त्याच्या विधिमंडळावर चालून गेल्या, आणि त्याच समितीने पुढे अन्नछत्रं चालवली. बंगालचा दुष्काळ म्हटलं की आपण चर्चिल, युद्ध, साठेबाजी, आणि अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये केलेली मांडणी यांबद्दल बोलतो. बोलायलाच हवं. पण या अन्नछत्रांत चुलीपाशी कोण उभं होतं, हे विचारणारा विद्यार्थी मला वर्गात कधी भेटला नाही. भेटणार कसा? पुस्तकात तसा प्रश्न उभाच राहत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. पॅरिस, पेट्रोग्राड, उओझू इथल्या बायका सत्ता हवी म्हणून निघाल्या नव्हत्या. धान्य किती उरलंय, भाव कधी चढला, दुकानदार कधीपासून माल दडवतोय, हे त्यांना सर्वांत आधी कळत होतं, कारण रांगेत त्याच उभ्या राहत होत्या. टंचाईची पहिली खबर रांगेतल्या बाईला असते. राजवाड्याला ती सर्वांत शेवटी कळते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन फौजांनी रशियातल्या लेनिनग्राड शहराला घातलेल्या वेढ्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या लेखमालेत त्याचा उल्लेख एका वाक्यात आला आणि तोही वाविलोव यांच्या संदर्भात. निकोलाय वाविलोव यांनी जगभर हिंडून पिकांच्या बियांचा प्रचंड संग्रह उभा केला. स्वतः ते स्टालिनच्या तुरुंगात १९४३ मध्ये उपासमारीने गेले. त्यांचं नाव अमर व्हायलाच हवं. पण ८ सप्टेंबर १९४१ पासून ८७२ दिवस शहर वेढलेलं असताना तो संग्रह वाचवला तो त्यांच्या संस्थेतल्या कर्मचाऱ्यांनी. आजूबाजूला तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे यांच्या पेट्या, आणि त्यांच्यामध्ये बसून उपाशी राहणारी माणसं. अनेक जण मेले. ओटच्या संग्रहाची जबाबदारी असलेल्या लिलिया रोदिना त्यांच्यापैकी एक. ओटच्या दाण्यांत बसून ती बाई भुकेने मेली, कारण ते दाणे पुढच्या पिढ्यांचे होते.

त्याच शहरात वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात शिधापत्रिकांचे वर्ग पाडले होते. नोव्हेंबर-डिसेंबर १९४१ च्या सर्वांत वाईट दिवसांत कामगाराला रोजचा २५० ग्रॅम पाव, आणि सर्वांत खालच्या वर्गाला १२५ ग्रॅम. या खालच्या वर्गात 'अवलंबित' मोडत. घर सांभाळणारी बाई अवलंबित. पहाटेपासून गोठणाऱ्या थंडीत पावाच्या रांगेत उभी राहणारी, गोठलेल्या नदीतून बादलीने पाणी आणणारी, फर्निचर फोडून चूल पेटवणारी, घरातल्या प्रेताची व्यवस्था बघणारी बाई सरकारी कागदावर काम करत नव्हती. म्हणून तिला निम्मा पाव. इतिहासात बाईचं काम न मोजण्याचा परिणाम काय होतो, हे यापेक्षा सरळ मला कुठे दिसलेलं नाही. न मोजणं ही इथे सांस्कृतिक उपेक्षा वगैरे उरली नव्हती. तिचं ग्रॅममध्ये वजन होत होतं.

युद्ध संपलं, आणि जगातल्या देशांनी आपापलं राष्ट्रीय उत्पन्न कसं मोजावं याचे नियम संयुक्त राष्ट्रांनी १९५३ मध्ये घालून दिले. घरात कुटुंबासाठी रांधलेलं अन्न त्या हिशेबाबाहेर राहिलं. न्यूझीलंडच्या खासदार मॅरिलिन वेअरिंग यांनी सरकारी खर्चाच्या समितीचं काम पाहताना हे नियम बारकाईने वाचले आणि १९८८ मध्ये त्यांच्यावर एक अख्खं पुस्तक लिहून प्रश्न विचारला की जगातल्या निम्म्या लोकसंख्येचं काम शून्य कसं धरता येईल. १९९३ मध्ये नियम सुधारले. आता डोक्यावरून पाणी वाहून आणणं उत्पादनात धरलं जातं, घरच्यासाठी पिकवलेलं धान्यही धरलं जातं. ते पाणी आणि ते धान्य एकत्र करून शिजवणं मात्र अजूनही बाहेरच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये हिशेब मांडला की जगात रोज १६४० कोटी तास बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांत जातात आणि त्यातले तीनचतुर्थांशांहून अधिक बायकांचे. ज्या कामाशिवाय एकही घास गिळता येत नाही त्या कामाला अन्नव्यवस्थेच्या हिशेबात रकाना नाही. अर्थतज्ज्ञ याची तांत्रिक कारणं देतात. ती मी वाचली आहेत आणि मला ती पटलेली नाहीत.

आता जाणणाऱ्या बायकांकडे वळते. सिसिली विल्यम्स हे नाव किती वाचकांना ठाऊक असेल? जमैकात जन्मलेल्या या डॉक्टर १९२९ मध्ये आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, वसाहतीच्या वैद्यकीय सेवेत गेल्या. तिथे एक ते चार वर्षांची मुलं त्यांच्याकडे येत: हातपाय सुजलेले, कातडी सोललेली, केस तांबूस, चेहऱ्यावर हसू नाही. मुलं मरत होती आणि कारण ठरत नव्हतं. विल्यम्स यांनी तिथल्या आयांना विचारलं. आयांना ते आधीच माहीत होतं. पाठचं भावंड जन्मलं, अंगावरचं दूध तुटलं, की वरच्या मुलाला हे होतं. या आजाराला त्या बायकांचं स्वतःचं नावही होतं, क्वाशिओरकोर. विल्यम्स यांनी १९३३ मध्ये आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं, १९३५ मध्ये तेच नाव वैद्यकीय जगापुढे ठेवलं आणि सांगितलं की दूध सुटल्यावर मिळणाऱ्या अन्नात प्रथिनं कमी पडतात. लंडनमधल्या मान्यवर तज्ज्ञांनी ते खोडून काढलं. हा जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा जुनाच पेलाग्रा आहे म्हणाले. पुढे बालकुपोषणाच्या अभ्यासाची दिशाच या आजाराने बदलली आणि १९४८ मध्ये विल्यम्स जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या पहिल्या प्रमुख झाल्या. त्याआधी १९३९ मध्ये सिंगापूरला केलेल्या भाषणात त्यांनी बाळांना डब्यातलं गोड घट्ट दूध पाजायला लावणाऱ्या जाहिरातींना सरळ खून म्हटलं होतं.

मला या हकिकतीत विल्यम्स यांच्याइतक्याच त्या बिननावाच्या आया महत्त्वाच्या वाटतात. निदान त्यांचं होतं. विल्यम्स यांचं मोठेपण हे की त्यांनी ते ऐकून घेतलं आणि त्यांचं श्रेय त्यांच्याच भाषेत ठेवलं. शास्त्रज्ञाने ऐकून घेणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ एस्टर बोसेरुप यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की आफ्रिकेच्या मोठ्या भागात शेती बायका करत होत्या, पण युरोपीय अधिकाऱ्यांनी आपल्याकडच्यासारखाच शेतकरी म्हणजे पुरुष असं धरून नवी अवजारं, प्रशिक्षण आणि नगदी पिकं पुरुषांच्या हाती दिली. ज्यांना शेती येत होती त्या बाजूला पडल्या. उत्पादन का वाढत नाही म्हणून मग समित्या बसल्या.

सुरिनाममध्ये गुलामगिरीतून पळून जंगलात स्वतंत्र वस्त्या वसवणाऱ्या मरून समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं की त्यांच्या पूर्वज बायांनी पळताना केसांच्या वेण्यांत भाताचे दाणे लपवून आणले. त्या बायांच्या नावाने ओळखले जाणारे भाताचे वाण तिथल्या शेतांत आजही लावले जातात. लिखित इतिहासाने ज्यांना माल म्हणून नोंदवलं, त्यांची नावं शेताने जपली.

प्रयोगशाळेतल्या बायकांचं काय झालं? हरितक्रांतीचा उल्लेख आला की मेक्सिकोत गव्हाचे नवे वाण काढणारे नॉर्मन बोरलॉग आणि त्यांचं १९७० चं नोबेल येतं. त्याच मेक्सिकोतल्या मका-गहू संशोधन केंद्रात एवांखेलिना व्हियेगास या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी सुरिंदर वसल यांच्याबरोबर कित्येक वर्षं खपून असा मका तयार केला ज्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही अंगी लागणारी अमिनो आम्लं भरपूर आहेत. मक्यावरच जगणाऱ्या मुलांसाठी याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. त्या दोघांना २००० मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पुरस्कार १९८७ पासून दिला जातो आणि तो मिळालेल्या व्हियेगास या पहिल्या बाई. ऊस आणि इतर पिकांच्या गुणसूत्रांवर आयुष्य घालवणाऱ्या जानकी अम्मल यांनी १९४५ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश तयार केला. आपल्या किती विज्ञानशिक्षकांनी तो वर्गात सांगितला असेल? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची स्थापना १९४५ ची. तेव्हापासून आजवर तिच्या महासंचालकपदावर एकही बाई बसलेली नाही.

कुणी म्हणेल, भूक बाई-पुरुष बघत नाही. बरोबर आहे. उलट मोठ्या दुष्काळांत पुरुष अधिक मरतात असं अभ्यास सांगतात. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळात आणि १९३३ च्या युक्रेनमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त तगल्या. मला दुःखाची चढाओढ लावायची नाही. माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो मोजणीचा आहे.

भूक बहुतेक वेळा घर धरून मोजली जाते. एखाद्या भागात दुष्काळ जाहीर करण्याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत त्यांत पहिलाच निकष आहे तो असा की किमान वीस टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची वानवा असावी. कुटुंबांना. पण कुटुंब म्हणजे एक तोंड नव्हे. माझी आई सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायची. मागे किती उरलं आणि तिने किती खाल्लं हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसायचं, आणि घरात कुणी विचारतही नसे. आमच्या घराची पाहणी झाली असती तर 'पुरेसं अन्न' असाच शेरा पडला असता. जगात कुठेही जा, टंचाई आली की सर्वांत आधी आईचं ताट हलकं होतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

अन्न व शेती संघटनेने २०१४ पासून मोजणीची एक निराळी पद्धत सुरू केली. आठ साधे प्रश्न, आणि ते कुटुंबप्रमुखाला नाही तर प्रौढ व्यक्तीला थेट विचारायचे: अन्न संपेल अशी काळजी वाटली का, एखादं जेवण चुकवावं लागलं का, भूक असून खाता आलं नाही असं झालं का, दिवसभर उपाशी राहावं लागलं का. असं विचारल्यावर दिसलं की अन्न-असुरक्षित बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. हा फरक २०१९ मध्ये १.७ टक्क्यांचा होता, करोनाच्या काळात २०२१ मध्ये तो ४.३ टक्क्यांवर गेला. नंतर तो कमी झाला, मिटला नाही. हा फरक २०१४ नंतर जन्माला आला असं कुणी समजू नये. तो आधीही होता. त्याआधी जगभर कुणी बाईला वेगळं करून विचारलं नव्हतं, एवढंच.

त्याच संघटनेच्या २०२३ च्या अहवालातले आणखी काही आकडे देते आणि हा भाग संपवते. सारख्याच आकाराच्या शेतात बाईचं उत्पादन पुरुषापेक्षा २४ टक्के कमी पडतं. कारण बियाणं, पाणी, अवजारं, कर्ज आणि सल्ला यांपैकी तिच्यापर्यंत कमी पोचतं. शेतमजूर पुरुषाला जिथे एक डॉलर मिळतो तिथे बाईला ८२ सेंट. ही दरी बुजली तर साडेचार कोटी माणसं अन्न-असुरक्षिततेतून बाहेर येतील, असा हिशेब त्या अहवालात आहे. साडेचार कोटी! एखादं नवं चमत्कारी बियाणं इतकी माणसं जगवणार असतं तर आपण पहिल्या पानावर आठ रकानी मथळा दिला असता. आणि इथे नवं काही शोधायचंही नाही. शेत जी कसते तिच्या नावावर करायचं, आणि कर्जाच्या कागदावर तिची सही चालवायची.

जमेची एक बाजूही लिहायला हवी. कॅथरीन बर्टिनी १९९२ ते २००२ या काळात जागतिक अन्न कार्यक्रमाच्या प्रमुख होत्या. मदतीचं धान्य छावणीतल्या पुरुष म्होरक्यांकडे न देता थेट बायकांच्या हातात द्यावं असा आग्रह त्यांनी धरला, कारण तिथून ते मुलांच्या पोटापर्यंत नक्की पोचतं. विरोध झाला, तरी त्यांनी धोरण बदललं. २००३ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. निर्णय घेण्याच्या जागी बसलेल्या माणसाला घराच्या आतलं गणित ठाऊक असलं की काय फरक पडतो, याचं हे मोठं उदाहरण.

आणि आज, हे पत्र लिहीत असताना, सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून दोन सेनापतींच्या फौजांत युद्ध चालू आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या विस्थापितांच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला, नंतर आणखी भागांत. बाहेरची मदत जिथे पोचली नाही तिथे वस्त्यावस्त्यांत सामूहिक स्वयंपाकघरं चालली. स्वयंसेवकांनी चालवली, आणि त्यांत बायका मोठ्या संख्येने राबल्या. पन्नास वर्षांनी या युद्धाचा इतिहास लिहिला जाईल. त्यात दोन्ही सेनापतींची नावं असतील याची मला खात्री आहे. त्या मोठ्या पातेल्यांपाशी उभं राहून आज कुणाला वाढायचं आणि कुणाला उद्या यायला सांगायचं हे ठरवणाऱ्या बायकांची नावं असायची असतील, तर ती आत्ताच कुणीतरी लिहून ठेवली पाहिजेत. वर्तमानपत्र हा इतिहासाचा कच्चा खर्डा असतो. पुढचा अभ्यासक तुमच्याच अंकांत शोधणार आहे.

म्हणून आपल्याकडे काही मागण्या आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्ताने अन्नविषयक पुरवणीत दर आठवड्याला एका बाईवर लिहावं; आणि ती पुरस्कारविजेतीच असली पाहिजे असं नाही. उपासमारीचं छायाचित्र छापताना त्या बाईची परवानगी घेऊन तिचं नाव खाली द्यावं, आणि तिला काय म्हणायचं आहे त्याचं निदान एक वाक्य. टंचाईच्या भागात जाणाऱ्या वार्ताहराला तीन प्रश्न लेखी द्यावेत: या घरात काल कोण जेवलं नाही, पाणी किती लांबून कोण आणतं, आणि जमीन कुणाच्या नावावर आहे. या तीन उत्तरांनी बातमी बदलते की नाही, आपणच पाहावं.

सिसिली विल्यम्स, लिलिया रोदिना आणि जानकी अम्मल यांच्यावर प्रत्येकी एक लेख लिहून द्यायला मी आनंदाने तयार आहे. मानधनाची अपेक्षा नाही. शब्दमर्यादा आणि मुदत तेवढी कळवावी.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका